फेलनीनंतर बंदुकीचा हक्क परत मागताना : व्हर्जिनियातील वाट, पायरीपायरीने

नागरी हक्क परत दिल्याचे राज्यपालांचे पत्र घरी आले आणि मतदार म्हणून पुन्हा नाव नोंदवता आले, की आपले सगळेच हक्क परत आले, असा समज अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात फेलनीची, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्ह्याची, शिक्षा पुरी केलेल्या पुष्कळांचा होतो. त्याच समजुतीत कोणी बंदुकीच्या दुकानात जातो आणि नवा गुन्हा ओढवून घेतो. त्या पत्राने मतदान करणे, ज्युरीत बसणे, सार्वजनिक पदासाठी उभे राहणे आणि नोटरी होणे हे हक्क परत येतात. बंदूक बाळगण्याचा हक्क त्यात नसतो. तो सर्किट कोर्टाकडे, म्हणजे राज्याच्या स्थानिक न्यायालयाकडे, वेगळा मागावा लागतो, आणि तिथे मिळाला तरी वॉशिंग्टनचे संघीय सरकार तो मानते की नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. या सगळ्या कामात क्रमाला फार महत्त्व आहे, कारण क्रम चुकला की नुसता वेळ जात नाही, नवी शिक्षाही होऊ शकते.

भारतातून आलेल्या माणसाला या विषयाचा गाभाच प्रथम अनोळखी वाटतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक ही परवान्याची बाब आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यावर ५ वर्षे परवाना मिळत नाही, आणि त्यानंतरही तो देणे न देणे प्राधिकाऱ्याच्या हाती असते. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने मान्य केलेला हक्क आहे. पण फेलनी सिद्ध झाली की तो जातो, आणि संघीय कायद्यापुरते बोलायचे तर मुदतीशिवाय, म्हणजे कायमचा जातो. दहा-वीस वर्षे नेकीने काढली म्हणून तो आपोआप परत येत नाही.

पुढील विवेचन मुख्यतः व्हर्जिनियापुरते आहे, कारण प्रत्येक राज्याची रीत इतकी वेगळी आहे की सगळ्यांची खिचडी केली तर वाचणाऱ्याचा घातच होईल. इतर राज्यांविषयी आवश्यक तेवढेच लिहिले आहे.

पहिली पायरी : बंदी कोणाची आहे आणि कशामुळे आहे, हे निश्चित करणे

१९६८ च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्यातून आलेले कलम ९२२(जी)(१) असे सांगते की, एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगू नयेत. यातील ‘होऊ शकेल’ हे शब्द नीट लक्षात घ्यावेत. प्रत्यक्षात किती दिवस तुरुंगात काढले, याला इथे किंमत नाही. कायद्यात त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त किती शिक्षा लिहिली आहे, ते पाहिले जाते. व्हर्जिनियात १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची चोरी ही ‘ग्रँड लार्सनी’ ठरते आणि तिला २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा गुन्ह्यात एखाद्याची सगळी शिक्षा स्थगित झाली आणि तो एक रात्रही तुरुंगात राहिला नाही, तरी बंदी त्याला पूर्णपणे लागू होते.

उलट बाजूने, गुन्ह्याच्या नावावरही विसंबू नये. राज्याने ज्याला मिसडिमीनर, म्हणजे फेलनीहून हलका गुन्हा, म्हटले आहे आणि ज्याची कमाल शिक्षा २ वर्षे किंवा त्याहून कमी आहे, असा गुन्हा संघीय बंदीतून वगळलेला आहे. व्हर्जिनियातील पहिल्या वर्गाच्या मिसडिमीनरला १२ महिन्यांपर्यंतच कैद असते, त्यामुळे तो या कलमात येत नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र पहिल्या श्रेणीच्या मिसडिमीनरला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून नाव सौम्य असले तरी संघीय बंदी लागते. न्यू जर्सीत तर फेलनी आणि मिसडिमीनर हे शब्दच वापरत नाहीत. एडिसनच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबे ‘ती फेलनी नव्हती’ असे ज्या प्रकरणाबद्दल खात्रीने सांगतात, ते प्रकरण चौथ्या श्रेणीच्या ‘क्राइम’चे निघाले तर त्याची कमाल शिक्षा १८ महिने असते, आणि मग वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे असते.

घरगुती हिंसाचाराच्या मिसडिमीनरवर १९९६ पासून वेगळी संघीय बंदी आहे. तिचे नियम निराळे असल्यामुळे फेलनीची वाट तिला जशीच्या तशी लावता येत नाही. नवरा-बायकोच्या भांडणात पोलीस आले, आरोप मान्य करून थोडा दंड भरला आणि प्रकरण मिटले, असे समजणाऱ्यांनी आपला जुना निकाल पुन्हा काढून वाचावा.

दुसरी पायरी : दोषी कोणत्या न्यायालयाने ठरवले, ते पाहणे

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा, कारण पुढची सगळी वाट त्याच्या उत्तरावर ठरते.

दोषसिद्धी व्हर्जिनियाच्या न्यायालयातली असेल, तर खाली सांगितलेला राज्यपाल आणि सर्किट कोर्ट हा मार्ग आहे. दुसऱ्या राज्यातली असेल आणि माणूस आज व्हर्जिनियात राहत असेल, तर नागरी हक्क त्या राज्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडून परत आलेले असणे आवश्यक ठरते, आणि संघीय कायदाही त्या दोषसिद्धीचे काय झाले ते त्याच राज्याच्या कायद्यानुसार ठरवतो.

दोषसिद्धी संघीय न्यायालयातली असेल, उदाहरणार्थ टपालातून फसवणूक किंवा करचुकवेगिरीची, तर राज्यपालांच्या पत्राने संघीय बंदी उठत नाही. ‘बीचम विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या १९९४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे : संघीय दोषसिद्धीचा परिणाम संघीय कायद्यानेच पुसला गेला पाहिजे. अशा माणसासाठी राष्ट्राध्यक्षांची माफी किंवा संघीय न्याय विभागाकडून दिलासा हे दोनच मार्ग उरतात. त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

आणि दोषसिद्धी भारतातली असेल तर? पुण्याच्या किंवा नागपूरच्या न्यायालयाने पूर्वी कधी शिक्षा दिली असेल, तर कलम ९२२(जी)(१) ती मोजत नाही. ‘स्मॉल विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या २००५ च्या निकालात, जपानमध्ये शिक्षा झालेल्या एका अमेरिकी माणसाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ‘कोणत्याही न्यायालयात’ या शब्दांचा अर्थ अमेरिकेतील न्यायालये असा लावला. मात्र ही सूट बंदुकीच्या त्या कलमापुरतीच आहे. व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या अर्जात भारतातील प्रकरण सांगावेच लागते.

नागरिक नसलेल्यांनी इथेच थांबून वाचावे

एच-१बी, एफ-१, बी-२ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना गुन्हा असो वा नसो, संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे काही थोडे अपवाद आहेत. अशा माणसाने फेलनीनंतरचा हक्क परत मागणे म्हणजे नसलेल्या घराचे भाडे मागण्यासारखे आहे.

ग्रीन कार्डधारक बंदूक बाळगू शकतो. मात्र फेलनी असताना बंदूक सापडली, तर त्याच्यावरचे संकट नागरिकापेक्षा कितीतरी मोठे असते. कलम ९२२(जी)(१) चा भंग स्थलांतर कायद्यात ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ धरला जातो, आणि त्याची परिणती देशाबाहेर पाठवले जाण्यात होऊ शकते. शिवाय राज्याच्या न्यायालयाने जुनी नोंद पुसली तरी स्थलांतर खाते ती दोषसिद्धी सहसा कायमच मानते. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात पुसलेली अटकसुद्धा सांगावी लागते. म्हणून नागरिक नसलेल्या माणसाने बंदुकीच्या हक्काची याचिका करण्याआधी फौजदारी वकिलाबरोबर स्थलांतराचे काम करणाऱ्या वकिलाचाही सल्ला घ्यावा. माझे मत विचाराल, तर नागरिकत्व मिळेपर्यंत हा विषय बाजूला ठेवणेच शहाणपणाचे आहे.

तिसरी पायरी : हक्क परत येईपर्यंत बंदुकीला हात न लावणे

ऐकायला ही पायरी सोपी वाटते. पण जुन्या शिक्षा मागे टाकून शांतपणे जगणारी माणसे पुन्हा अडकतात ती बहुतेक इथेच.

कायद्याच्या दृष्टीने ‘बाळगणे’ म्हणजे केवळ खिशात किंवा हातात असणे नव्हे. बंदूक कुठे आहे हे माहीत असणे आणि ती आपल्याला घेता येण्यासारखी असणे, एवढ्यानेही ताबा सिद्ध होऊ शकतो. पत्नीच्या नावावर रीतसर विकत घेतलेली पिस्तूल बेडरूमच्या कपाटात असेल आणि कपाटाला कुलूप नसेल, तर ती पत्नीचीच असली तरी नवऱ्यावर खटला उभा राहू शकतो. घरातील दुसऱ्या कोणाला बंदूक ठेवायचीच असेल, तर ती जिची किल्ली किंवा आकडे बंदी असलेल्या व्यक्तीला मिळणार नाहीत अशा तिजोरीत असावी. आणखी चांगले म्हणजे ती त्या घरातच नसावी. मित्रांबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन तासभर भाड्याची बंदूक चालवणे हेही बाळगणेच आहे. गाडीच्या डिकीत विसरून राहिलेली काडतुसांची पेटी हाही गुन्हा आहे, कारण संघीय बंदी काडतुसांनाही लागते. स्वतःचे दुकान किंवा पेट्रोलपंप असणाऱ्यांच्या गल्ल्याखाली भागीदाराची बंदूक असते. ती आपली नाही, हे न्यायालयात सिद्ध करत बसण्यापेक्षा भागीदाराला ती हलवायला सांगणे सोपे आहे.

२०२२ च्या संघीय दुरुस्तीनंतर या भंगाची कमाल शिक्षा १० वर्षांवरून १५ वर्षे झाली आहे. व्हर्जिनियाचा स्वतःचा कायदा वेगळा आहे : आधीची फेलनी हिंसक असेल तर किमान ५ वर्षे, आणि हिंसक नसली तरी ती गेल्या १० वर्षांतली असेल तर किमान २ वर्षे अशी सक्तीची कैद होते, आणि ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशालाही नसतो.

दसऱ्याला शस्त्रपूजा करता येईल का, हा प्रश्न मराठी घरांत उठतोच. पाटावर मांडलेली तलवार संघीय कायद्याच्या ‘फायरआर्म’ या व्याख्येत येत नाही. मात्र लपवून शस्त्र नेण्याबद्दल व्हर्जिनियाचे नियम आहेत आणि फेलनी असलेल्यांना ते अधिक कडकपणे लागतात, म्हणून घरातली तलवार घरातच पूजावी, अंगरख्याखाली लपवून मंडळाच्या कार्यक्रमाला नेऊ नये. १८९८ किंवा त्यापूर्वीच्या जुन्या बंदुकांना संघीय कायद्यात सूट आहे. पण राज्यांच्या व्याख्या वेगळ्या असतात, आणि ‘आजोबांची आहे, भिंतीवरची आहे’ असे म्हणून ती उतरवून हाताळण्यात शहाणपण नाही.

चौथी पायरी : कागद जमवणे

ज्या ज्या न्यायालयात प्रकरण चालले, त्या प्रत्येक न्यायालयाच्या क्लार्ककडून दोषसिद्धीचा आणि शिक्षेचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात. साध्या झेरॉक्स चालत नाहीत. शिक्का आणि सही हवी. प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेरची देखरेखीची मुदत, संपल्याचे पत्र, दंड आणि न्यायालयाचा खर्च भरल्याच्या पावत्या, आणि पीडिताला भरपाई द्यायची असेल तर ती पूर्ण दिल्याचा पुरावा, हे सगळे सोबत ठेवावे. भरपाईची काही रक्कम बाकी असेल आणि ती फेडणे शक्य असेल, तर याचिकेआधी फेडावी. बाकी असलेली रक्कम सरकारी वकिलाच्या नजरेत लगेच भरते, आणि ‘विसरलो’ हे उत्तर न्यायाधीशाला पटत नाही.

यानंतर स्वतःची गुन्हेनोंद स्वतः पाहावी. एफबीआयकडून बोटांचे ठसे देऊन १८ डॉलरमध्ये आपली संपूर्ण नोंद मागवता येते. व्हर्जिनिया राज्य पोलिसांकडूनही राज्यापुरती नोंद मिळते. या दोन्ही नोंदी आणि न्यायालयाचे आदेश समोर ठेवून ओळीने जुळवून पाहावेत. जो आरोप न्यायालयाने रद्द केला, त्याच्यापुढे नोंदीत काहीच निकाल लिहिलेला नसणे, एकच प्रकरण दोनदा येणे, किंवा नावाच्या स्पेलिंगमुळे दुसऱ्याचे प्रकरण चिकटणे हे घडते. देशपांडे, कुलकर्णी, जोशी या आडनावांची आणि मधल्या नावाऐवजी वडिलांचे नाव लिहिण्याच्या आपल्या पद्धतीची अमेरिकेतील नोंदवहीत जी गंमत होते, ती पासपोर्टच्या रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे ती गंमत महागात पडते. चूक आधीच दुरुस्त करून घ्यावी, कारण बंदूक विकत घेताना संगणकावर दिसणार ते तीच नोंद.

पाचवी पायरी : राज्यपालांकडून नागरी हक्क

व्हर्जिनियाच्या कायद्यात असे म्हटले आहे की, फेलनीत दोषी ठरलेल्याला नागरी हक्क परत मिळाल्याशिवाय बंदुकीसाठी याचिकाच करता येत नाही. म्हणून ही पायरी आधी येते. अर्ज कॉमनवेल्थच्या, म्हणजे व्हर्जिनिया राज्याच्या, सचिवांच्या कार्यालयामार्फत होतो आणि त्याला शुल्क नाही. हे हक्क प्रत्येकाच्या प्रकरणाचा स्वतंत्र विचार करूनच द्यावे लागतात : २०१६ साली तत्कालीन राज्यपाल टेरी मॅकऑलिफ यांनी एकाच आदेशाने हजारो लोकांना सरसकट हक्क परत दिले होते, तेव्हा व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि मॅकऑलिफ यांना एकेका माणसाचे आदेश वेगळे काढावे लागले. तेव्हापासून प्रत्येक राज्यपालाची पद्धत थोडी वेगळी राहिली आहे, म्हणून अर्ज करण्यापूर्वी सचिवांच्या संकेतस्थळावरील चालू निकष वाचावेत.

हाती आलेले पत्र जपून ठेवावे, त्यातील नाव आणि दिनांक तपासावा, आणि त्या पत्रात बंदुकीचा हक्क समाविष्ट नाही, हे वाक्य स्वतः शोधून वाचावे. घरातील बाकीच्यांनाही ते वाचून दाखवावे. दुकानातून बंदूक आणून भेट देण्याचा उत्साह बहुधा त्यांच्याकडूनच येतो.

सहावी पायरी : सर्किट कोर्टातील याचिका

याचिका आपण ज्या काउंटीत किंवा शहरात राहतो, तिथल्या सर्किट कोर्टात करायची असते. राज्याबाहेर राहणाऱ्याने जिथे शेवटची फेलनी सिद्ध झाली तिथल्या कोर्टात. फेअरफॅक्स किंवा लाउडनसारख्या काउंट्यांत, जिथे मराठी वस्ती बरीच आहे, कोर्टाच्या क्लार्कच्या कार्यालयाकडे नमुना कागद किंवा स्थानिक सूचना आहेत का, ते आधी विचारावे, कारण प्रतींची संख्या आणि शुल्क भरण्याची पद्धत अशा बारीकसारीक गोष्टी कोर्टागणिक बदलतात. याचिकेची प्रत त्या काउंटीच्या सरकारी वकिलाला, म्हणजे कॉमनवेल्थ ॲटर्नीला मिळते, आणि त्याला राज्याच्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार असतो.

कायदा न्यायाधीशाला एवढेच सांगतो की, ‘योग्य कारण’ दाखवले असेल तर त्याने आपल्या विवेकाने हक्क द्यावा. म्हणजे ठरावीक वर्षे झाली, सगळ्या अटी पुऱ्या केल्या, म्हणून मिळालाच पाहिजे, असा हा हक्क नाही. म्हणून याचिकेचा मजकूर फार जपून लिहावा लागतो. त्यात प्रत्येक दोषसिद्धी तारखेसह, न्यायालयासह आणि शिक्षेसह लिहावी. एकही गाळू नये, कारण सरकारी वकील तुमची नोंद काढून बसलेला असतो आणि गाळलेली एक ओळ बाकी सगळ्या पानांवर संशय आणते. त्यानंतर शिक्षा कधी संपली, त्यापुढे काय केले, नोकरी किंवा व्यवसाय काय आहे, कुटुंबात कोण आहे, व्यसन असेल तर उपचार कधी घेतले, आणि बंदूक कशासाठी हवी आहे, हे साध्या वाक्यांत सांगावे. शिकार, नेमबाजीचा खेळ, घराचे किंवा दुकानाचे संरक्षण, सुरक्षारक्षकाची नोकरी, यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. ‘राज्यघटनेने हक्क दिला आहे’ एवढेच कारण न्यायालयासमोर उणे पडते.

सोबत तीन-चार ओळखीच्यांची पत्रे जोडावीत : मालक किंवा वरिष्ठ, शेजारी, मंदिराचे किंवा मंडळाचे विश्वस्त, आणि शक्य असेल तर प्रोबेशन अधिकारी. पत्र लिहिणाऱ्याला जुना गुन्हा माहीत आहे, हे पत्रातच लिहिलेले असावे. ज्याला तुमचा भूतकाळ ठाऊकच नाही, त्याने केलेल्या स्तुतीने न्यायाधीशाला काहीच कळत नाही. आपल्या समाजात जुनी शिक्षा झाकून ठेवण्याची सवय आहे. या कामासाठी निदान चार माणसांसमोर ती उघड करावी लागते, आणि काहींना सगळ्या प्रक्रियेत हाच भाग सगळ्यांत अवघड जातो.

याचिका दाखल करण्याआधी किंवा लगेच नंतर वकिलाने सरकारी वकिलाशी बोलून त्याची हरकत आहे का, ते विचारावे. हरकत नसेल तर अर्धे काम तिथेच होते. हरकत असेल तर ती कशाबद्दल आहे, हे सुनावणीआधी कळणे तितकेच उपयोगाचे असते.

सुनावणीच्या दिवशी

दोन्हींपैकी एका पक्षाने मागितली तर सुनावणी होते. न्यायाधीश साधारणपणे तीनच गोष्टी जाणून घेऊ पाहतो : तेव्हा काय घडले, त्यानंतर काय बदलले, आणि आता बंदूक का हवी. पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना जुना खटला पुन्हा लढू नये. ‘मला फसवून गुन्हा कबूल करायला लावले’ हे कदाचित खरेही असेल. पण या न्यायालयासमोर तो विषयच नाही, आणि ते सांगितल्याने माणूस आपली जबाबदारी मानत नाही, असे दिसते. इंग्रजीत गडबड होत असेल तर दुभाष्याची मागणी आधीच करावी. मुलाला किंवा सुनेला दुभाषी म्हणून उभे करू नये. न्यायालय ते सहसा मान्य करत नाही आणि घरच्या माणसाचे भाषांतर घरच्यांच्या बाजूचेच होते.

मधल्या काळात झालेले वाहतुकीचे गुन्हे, विशेषतः दारू पिऊन गाडी चालवणे, न्यायाधीश विचारतो. उत्तर लपवू नये.

याचिका फेटाळली तर आदेशात कारण लिहिले आहे का ते पाहावे आणि पुढच्या अर्जाआधी त्याच कारणावर काम करावे. अपिलाची मुदत थोडी असते, म्हणून त्याबद्दल वकिलाला त्याच दिवशी विचारावे.

आदेशातील एक वाक्य, ज्यावर सगळे अवलंबून आहे

न्यायाधीशाने हक्क दिला, तरी आदेश वाचून मगच न्यायालयाबाहेर पडावे. संघीय कायदा म्हणतो की, राज्याने माफी दिली, नोंद पुसली किंवा नागरी हक्क परत दिले, तर ती दोषसिद्धी मोजली जाणार नाही. मात्र त्या आदेशाने बंदुकीवर बंधन ठेवले असेल तर ती मोजली जाईल. ‘कॅरन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा कडक अर्थ लावला. मॅसॅच्युसेट्सने एका माणसाला रायफल आणि शॉटगन बाळगण्याची मुभा दिली होती, पिस्तुलाबाबत मात्र बंधन ठेवले होते. न्यायालयाने म्हटले की, राज्याने काही बंदुकांवर बंदी ठेवली असेल, तर संघीय सरकार सगळ्याच बंदुकांवर बंदी मानेल. म्हणून ‘फक्त शिकारीच्या बंदुका’, ‘फक्त घरात’ किंवा ‘फक्त नोकरीच्या वेळी’ अशी सूट असलेला आदेश मिळाला, तर तो राज्यात उपयोगी आणि संघीय कायद्यापुढे निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते. विनाअट आदेश मागावा, आणि वकिलाने तयार केलेल्या मसुद्यातच तो तसा असावा.

इतर राज्यांतील सापळेही बहुतेक याच जातीचे आहेत. टेक्सासचा कायदा शिक्षा किंवा देखरेख संपून ५ वर्षे झाल्यावर फेलनी असलेल्याला स्वतःच्या घरात बंदूक ठेवू देतो. संघीय बंदी मात्र तशीच उभी राहते, त्यामुळे ह्यूस्टनमधील एखादा माणूस आपल्या दिवाणखान्यात राज्याच्या दृष्टीने निर्दोष आणि संघीय दृष्टीने गुन्हेगार असू शकतो. कॅलिफोर्नियात प्रोबेशन पुरे झाल्यावर कलम १२०३.४ खाली प्रकरण रद्दबातल करून घेतात, पण त्याने बंदुकीचा हक्क येत नाही. फेलनी कलम १७(ब) खाली मिसडिमीनर करून घेता आली तर गोष्ट वेगळी. फ्लॉरिडात बंदुकीपुरत्या दयेच्या अर्जासाठी शिक्षा संपून ८ वर्षे व्हावी लागतात.

संघीय दोषसिद्धी असलेल्यांसाठी

राष्ट्राध्यक्षांच्या माफीचा अर्ज न्याय विभागातील पार्डन ॲटर्नीच्या कार्यालयाकडे करतात. नेहमीच्या नियमाप्रमाणे सुटकेनंतर, किंवा कैद झालीच नसेल तर शिक्षा सुनावल्यानंतर, ५ वर्षे थांबावे लागते. दुसरा मार्ग कलम ९२५(सी) चा. या कलमाने अपात्र व्यक्तीला बंदुकीपुरता दिलासा देता येतो, पण १९९२ पासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दरवर्षीच्या खर्चविधेयकात बंदुकांचे संघीय कायदे राबवणाऱ्या एटीएफ या खात्याला व्यक्तींच्या अशा अर्जांवर पैसे खर्च करण्यास मनाई केली, आणि २००२ च्या ‘बीन’ निकालाने न्यायालयांनाही तो दिलासा स्वतः देता येणार नाही असे ठरले. त्यामुळे हे कलम तीन दशके कागदावरच होते. मार्च २०२५ मध्ये न्याय विभागाने हा अधिकार एटीएफकडून काढून ॲटर्नी जनरलकडे घेतला, एप्रिलमध्ये १० जणांचे हक्क परत दिले आणि जुलैमध्ये अर्जाच्या निकषांचा मसुदा प्रसिद्ध केला. संघीय प्रकरण असलेल्यांनी पार्डन ॲटर्नीच्या संकेतस्थळावरील ताजी स्थिती पाहूनच पाऊल टाकावे, आणि ‘आता सगळ्यांना मिळते’ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांना दूर ठेवावे.

काही जण घटनात्मक वादाचा मार्गही सुचवतात. ब्रायन रेंज यांनी १९९५ साली पेनसिल्व्हेनियात उत्पन्नाची खोटी माहिती देऊन २,४५८ डॉलरचे फूड स्टॅम्प घेतल्याचा गुन्हा कबूल केला होता. तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे संघीय अपिलांसाठी पाडलेल्या तिसऱ्या विभागाच्या, अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्याबाबत संघीय बंदी घटनाबाह्य ठरवली. हा निकाल पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि डेलावेअर या भागातला आहे. व्हर्जिनिया चौथ्या सर्किटमध्ये येते, आणि तिथल्या न्यायालयाने त्याच महिन्यात, ‘हंट’ खटल्यात, असा वाद फेटाळला. व्हर्जिनियात राहून रेंज यांच्या निकालाच्या भरवशावर बंदूक घेणाऱ्याला तो निकाल वाचवणार नाही.

आदेश हाती आल्यानंतर

क्लार्ककडून आदेशाच्या चार-पाच प्रमाणित प्रती त्याच दिवशी घ्याव्यात. व्हर्जिनियात बंदूकखरेदीची तपासणी राज्य पोलीस करतात, म्हणून एक प्रत त्यांच्याकडे पोहोचली आहे आणि नोंद बदलली आहे याची खात्री करून मगच दुकानात जावे. दुकानात संघीय अर्ज ४४७३ भरावा लागतो. त्यात फेलनीविषयी प्रश्न असतो आणि त्याच्या सूचनांत असे लिहिले आहे की, ज्याला माफी मिळाली, ज्याची नोंद पुसली किंवा ज्याचे हक्क परत आले आणि ज्याच्यावर बंदुकीचे बंधन उरले नाही, त्याने ‘नाही’ असे उत्तर द्यावे. त्या सूचना दुकानदाराच्या सांगण्यावर न सोडता स्वतः वाचाव्यात. या अर्जावरील खोटे उत्तर हा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे.

तपासणीत ‘नकार’ आला, तर वाद न घालता नकाराचा क्रमांक लिहून घ्यावा, निघून यावे आणि लेखी अपील करावे. नोंद दुरुस्त झाल्यावर एफबीआयच्या ऐच्छिक अपील फाइलमध्ये आपले कागद कायमचे ठेवण्याची विनंती करता येते. ती मान्य झाली की एक खास ओळखक्रमांक मिळतो, आणि तो पुढच्या प्रत्येक खरेदीच्या वेळी ४४७३ वर लिहिला की तीच जुनी नोंद पुन्हा आडवी येण्याची शक्यता कमी होते.

लपवून पिस्तूल नेण्याचा परवाना वेगळा असतो आणि त्याचा अर्ज व निकषही वेगळे असतात. दुसऱ्या राज्यात राहायला जाताना, किंवा मेरीलँड आणि न्यू जर्सी ओलांडून न्यूयॉर्कला गाडीने जातानासुद्धा, व्हर्जिनियाचा आदेश तिथे कितपत मानला जातो ते आधी वकिलाला विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत बंदूक घरीच कुलपात ठेवावी.